अनुभव धागा: परदेशी प्रवेश, सीमाभागातली कागदपत्रं आणि विद्यापीठांचं अडणं

टिळकवाडीची मावशी

मंडळी, भाचीचं जर्मनीचं एकदाचं पार पडलं म्हणून हा धागा काढतेय. कुठला देश बरा, कुठलं विद्यापीठ चांगलं यावर रग्गड लिहिलं गेलंय, ते इथे नको. तुम्ही किंवा घरातल्या कुणी बाहेर अर्ज केला असेल, किंवा बाहेरचं पोर बेळगावात शिकायला आलेलं जवळून पाहिलं असेल, तर नेमकं कुठे अडलं आणि प्रवेश देणाऱ्यांनी काय केलं असतं तर अडलं नसतं, तेवढं लिहा. व्हिसावाल्यांना शिव्या नकोत, त्या चहाला भेटू तेव्हा.

सुरुवात माझ्यापासून. भाचीच्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'बेलगाम', पासपोर्टवर 'बेळगावी', आणि घरी आम्ही म्हणतो बेळगाव. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, पोरीचा जन्म त्याआधीचा. विद्यापीठाची मेल आली: जन्मगाव दोन कागदांवर वेगळं आहे, खुलासा करा. कसा करायचा, कुठला कागद चालेल, एक अक्षर नाही. नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट केलं तर उत्तर आलं, चालणार नाही. शेवटी नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत आणि तिचं भाषांतर पाठवलं, ते दोन दिवसांत मान्य! यात गेले तीन आठवडे आणि माझ्या बहिणीची झोप. पहिल्याच मेलमध्ये 'सरकारी अधिसूचना जोडा' एवढं लिहायला काय जात होतं?

निपाणीकर

मावशी, तुमचं गावाच्या नावावर निभावलं, माझी बारावीच अडली. घर निपाणीत, बी.ई. शिवाजी विद्यापीठाची, चार वर्षं एसटीनं कोल्हापूर, चाळीसेक किलोमीटर. पण बारावी कर्नाटकातली, म्हणजे सेकंड पीयू. मार्क्सकार्डावर छापलंय प्री-युनिव्हर्सिटी. मीही अर्ज जर्मनीलाच केलेला. तिथल्या विद्यापीठातल्या बाईंनी विचारलं, हा तर तयारीवर्ग दिसतोय, बारावीचा दाखला कुठाय? मी लिहिलं, हीच बारावी. त्या म्हणाल्या, बोर्डाचं पत्र आणा. कर्नाटकातून दरवर्षी किती पोरं तिकडे जातात! प्रत्येकानं नव्यानं सिद्ध करायचं काय की पीयू म्हणजे बारावी? कार्यालयात भिंतीवर एक कागद डकवून ठेवला तरी काम होईल.

त्यात एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा जर्मनांचा दाखला, आमच्याच वेळी सक्तीचं झालं, १ नोव्हेंबर २०२२ पासून. (आमच्याकडे १ नोव्हेंबरला काही ना काही होतंच.) त्याचे तेव्हा १८,००० रुपये. जर्मन विद्यापीठांसाठी बाहेरचे अर्ज घेणाऱ्या युनि-असिस्टचे पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. एपीएसवाल्यांनी सगळे कागद तपासून खरे ठरवले. मग विद्यापीठानं तेच कागद परत मागवले, अटेस्ट करून. एकदा तपासलेलं मानायचं नसेल तर तपासायला कशाला लावता?

पण खरा घोळ तारखांचा. अर्जाची मुदत १५ जुलै, प्रवेशाचं पत्र हातात पडलं ऑगस्टअखेर, वर्ग ऑक्टोबरात. डिग्री महाराष्ट्राची असली तरी राहणार कर्नाटकात, म्हणून जर्मन व्हिसाला बंगळूरू. मुंबईला कुणी उभं करेना. रात्रीची बस, सकाळी बोटांचे ठसे, रात्री परत बस. पोचलो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. लॅबचे गट पडून गेले होते, मला उरलेल्या दोघांत टाकलं, त्यातला एक कधी यायचाच नाही. बाहेरच्या मुलांसाठी मुदत मार्च-एप्रिलात ठेवणारी विद्यापीठं आहेत की. सगळ्यांनी ठेवावी.

एफएनयू

माझं थोडक्यात. शाळेत नाव लागलं ते फक्त नाव आणि इनिशियल. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. अमेरिकेच्या व्हिसावर माझं नावच आडनाव झालं आणि नावाच्या जागी छापलं एफएनयू, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. विद्यापीठाच्या यंत्रणेनं तेच उचललं. पहिलं सत्रभर 'प्रिय एफएनयू' अशा मेल. ग्रंथालयाचं कार्डसुद्धा तसंच. शेवटी एका बाईनं फोन करून विचारलं, 'तुला काय म्हणून हाक मारतात?' आणि पाच मिनिटांत दुरुस्त केलं. अर्जात तेवढा एक रकाना हवा होता.

खानापूरचा बाप

आमचं गणित कॅनडात फिसकटलं. मुलाचा अर्ज एका कन्सल्टन्सीनं भरला. शेताचा उतारा बँकेत ठेवून कर्ज काढलं. उतारा कन्नडात, बँकेच्या वकिलाला इंग्रजीत हवा, ते वेगळंच. पहिल्या सत्राची फी भरली डिसेंबरात. १ जानेवारी २०२४ पासून खात्यात दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर झाली, आणि २२ जानेवारीला नियम आला की प्रांताचं वेगळं पत्र लागणार. नियम सरकारचे, त्यात कॉलेजचा दोष नाही. पण कॉलेजनं कळवलं काय? दोन महिने काहीच नाही.

मग कळलं की कॉलेज कळवत होतं. मेल जात होत्या कन्सल्टन्सीच्या पत्त्यावर! अर्जात मुलाचा ईमेल घालायच्या जागी त्या लोकांनी स्वतःचा घातलेला. मी कॉलेजला फोन केला तर म्हणाले, विद्यार्थ्याशीच बोलू. मुलानं केला तर म्हणाले, आमच्याकडच्या ईमेलवरून लिहा. तो ईमेल एजंटाचा. एजंटाच्या ऑफिसला कुलूप. शेणाच्या पोटी किडा आणि किड्याच्या पोटी शेण असलं झालं. फी परत मिळायला सात महिने लागले, काही रक्कम कापून. अर्ज आल्याबरोबर मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर एक मेसेज टाकून 'हा अर्ज तुझाच ना?' विचारलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. आणि फी परत कधी, किती, ते प्रवेशाच्या पत्रावरच ठळक छापा.

नेहरूनगरची मालकीण

मी उलट बाजूचं लिहिते. वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. मलेशियाची पोरं बेळगावाला नवी नाहीत. यूएसएम-केएलईचा (तिकडचं विद्यापीठ आणि इथली केएलई संस्था मिळून) वैद्यकीय अभ्यासक्रम २०१० ला सुरू झाल्यापासून तर रिक्षावाल्यांनाही सवय झालीय. ती पोरं घोळक्यानं येतात, सांभाळायला माणसं असतात. हाल होतात एकट्या येणाऱ्याचे.

माझ्याकडे पूर्व आफ्रिकेतली एक पोरगी आली, २०२२ ची गोष्ट. लांबच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं १४ दिवसांत ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करायची असते, त्याला कॉलेजचं बोनाफाइड लागतं. कॉलेज म्हणालं, फी जमा झाल्याशिवाय बोनाफाइड नाही. फी तिच्या बापानं पाठवलेली, पण मधल्या बँकेत अडकून बसली. फीच्या खिडकीवरचा सांगायचा प्रवेशाच्या खिडकीवर जा, तिथला सांगायचा आधी पावती आण. नवव्या दिवशी संध्याकाळी ही जिन्यावर बसलेली, मांडीवर प्लास्टिकची फाइल, कागद एकेक करून काढायची, परत त्याच क्रमानं लावायची. रडत नव्हती. जेवलीस काय विचारलं तर मान हलवली, कुठल्या बाजूला ते मला कळलं नाही. भाकरी आणि वांग्याची भाजी वर नेऊन दिली.

बाराव्या दिवशी यांनी ओळखीच्या सरांना गाठलं, तेव्हा पत्र मिळालं. मला एवढंच म्हणायचंय, ज्या पोरीची इथे कुणाशी ओळख नाही तिनं काय करायचं?

खिडकीच्या आतला

काकू, त्या खिडकीच्या आत मी नऊ वर्षं बसलोय, दुसऱ्या एका विद्यापीठात. नाव विचारू नका. आमच्याकडे बोनाफाइड निघायचं ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, पावती नंबर घातल्याशिवाय छापतच नव्हतं. बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर धारवाडचा विद्यार्थी होता. १४ दिवसांचं घड्याळ घेऊन विमानातून उतरणारं माणूस त्याच्या डोक्यात कशाला येईल?

परदेशी विद्यार्थ्यांच्या वाढीव जागा १५ टक्के होत्या, २०२२ मध्ये यूजीसीनं २५ केल्या. आमच्या विभागात टेबलं तीन होती, तीनच राहिली. दिवसाच्या मेलमधल्या निम्म्या एकाच प्रश्नाच्या: माझ्या अर्जाचं काय झालं? ते शोधायला उठलो की खरं काम राहायचं. मग एका पोरानं साधी यादी केली, अर्ज क्रमांक आणि पुढे एक ओळ: कुठे आहे, कोणता कागद बाकी. रोज चारला अपडेट. फोन पुष्कळ कमी झाले. साहेबांना मात्र आवडलं नाही, कारण कुठल्या टेबलावर किती दिवस पडलंय ते जगाला दिसायला लागलं.

तुमच्या पोरीसारख्या केसेसना आम्ही नंतर तात्पुरतं पत्र द्यायला लागलो. फी येणे बाकी, प्रवेश ग्राह्य, अमुक तारखेपर्यंत वैध. नोंदणीच्या कामाला ते चाललं. आणि एआययूचं (भारतीय विद्यापीठांच्या संघटनेचं) समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे तिकडची परीक्षा इथल्या परीक्षेच्या तोडीची असल्याचं, पोर घरून निघायच्या आधीच मागवायचं, इथे आल्यावर नाही. खानापूरच्या काकांचं मात्र पटलं. एजंटाचाच ईमेल असलेले अर्ज आमच्याकडेही ढिगानं यायचे आणि आम्ही डोळे झाकून पुढे ढकलायचो. खोटं कशाला बोलू.

नेहरूनगरची मालकीण

त्या तात्पुरत्या पत्राचा नमुना इथे टाकाल काय? ऑगस्टात अजून एक पोरगी येतेय. कॉलेजात दाखवीन म्हणते.

खिडकीच्या आतला

नावगाव खोडून उद्या टाकतो. आणि काकू, परदेशी माणूस राहायला आलं की त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म (तेव्हाचा फॉर्म सी) घरमालकानं भरायचा असतो, चोवीस तासांत. गेल्या वेळी भरला होतात ना?

नेहरूनगरची मालकीण

भरला की. रात्री साडेअकराला, नातवाला उठवून.