आठ नंबरची ट्राम सीमा ओलांडते, म्हणून शेजारधर्म झाला का?

ऱ्हाइनकाठची
बाझलला राहून सहा वर्षं झाली, तरी आठ नंबरच्या ट्रामचं अप्रूप जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये बसायचं, जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला उतरायचं. तीन नंबरची तशीच फ्रान्समधल्या सँ-लुईला जाते. विमानतळ तर अख्खा फ्रान्सच्या जमिनीवर. १९४९ च्या करारानुसार दोन देश मिळून चालवतात. आणि जर्मन रेल्वेचं एक मोठं स्टेशन चक्क बाझल शहरात आहे.
फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडने बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालायचा कौल दिला, अगदी निसटता, ५०.३ टक्क्यांनी. बाझल शहराने मात्र विरोधात मत दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात ही ट्राम वाइलपर्यंत धावायला लागली. राजधान्यांना जमत नाही ते शेजारच्या गावांना जमतं, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस_पेठकर
असहमत. ती ट्राम शनिवारी कशाने भरते तेही सांगा की. पिशव्यांनी! स्विस मंडळी जर्मनीत जाऊन मटण, चीज, शाम्पू घेतात, कस्टमचा शिक्का मारून जर्मन व्हॅटही परत मिळवतात. जर्मनीने २०२० पासून त्यासाठी किमान ५० युरोंच्या खरेदीची अट घातली. स्वित्झर्लंडने २०२५ पासून करमाफ खरेदीची मर्यादा ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. ज्याला तुम्ही सहकार्य म्हणताय, त्याला आमच्या मंडईत भावातला फरक म्हणतात.

ऱ्हाइनकाठची
मी मटण खात नाही, पण पिशवी माझीही असते, कबूल. दोघांचा फायदा आहे म्हणून ते खोटं कसं ठरतं? सकाळी उलट्या दिशेने बघा. फ्रान्सच्या अल्सास आणि जर्मनीच्या बाडेन भागातून हजारो माणसं बाझलच्या औषध कंपन्यांत आणि इस्पितळांत कामाला येतात.

पलीकडचा
मी जर्मन बाजूला राहतो, म्हणून जरा कडू लिहितो. इकडे शिकलेली नर्स फ्रँकमधल्या पगारासाठी पलीकडे जाते, आणि तो पगार घेऊन इकडे राहायला येणारे वाढले की घरभाडी चढतात. इकडच्या पगारावर जगणाऱ्याने काय करायचं?
आणि २०२० विसरलात का? मार्चच्या मध्यावर सीमा बंद झाली ती १५ जूनला उघडली. जर्मनीतलं कॉन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइझलिंगन ही बोडनसे तलावाकाठची जोडशहरं. तिथे २००६ मध्ये जुनं कुंपण काढलं आणि त्याच रेषेवर पुढे शिल्पं उभी केली. कोविडमध्ये तिथेच पुन्हा जाळी लागली. दोन्हीकडचे लोक जाळीतून हात धरायला लागले, तेव्हा अंतर राखायला दुसरी जाळी लावली! निर्णय बर्लिन आणि बर्नचा. महापौरांना विचारतंय कोण?

गढूळ_पाणी
दोघांनाही अर्धंच पटतंय. इथलं सहकार्य प्रेमातून आलं नाही आणि नुसतं पिशव्यांतूनही नाही. बरंचसं धाकातून आलंय. १ नोव्हेंबर १९८६, बाझलजवळच्या श्वाइझरहालेत सँडोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम पेटलं. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं. ऱ्हाइन लाल झाली आणि बाम मासे ढिगांनी मेले. विष खाली वाहत पार हॉलंडपर्यंत गेलं. नदीच्या संरक्षणासाठी काठावरच्या देशांचा आयोग १९५० पासून होताच. पण ठोस कृती-कार्यक्रम ठरला १९८७ मध्ये. पाणी लाल झाल्यावर!
वरचा शेजारी काय सोडतो, ते खालच्याला प्यावं लागतं. तिथे दोस्ती आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

तिरकस_पेठकर
हे पटलं. म्हणजे शेजारी चांगले नाहीत, अडकलेले आहेत.
(विषयांतर: आपल्याकडे कोल्हापूर–बेळगाव एकाच देशात. तरी वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसट्या डेपोत उभ्या. तिथे ट्रामचं स्वप्न कोण बघणार?)

ऱ्हाइनकाठची
तोच तर माझा मुद्दा! रोजचं येणंजाणं रुळावर आलं की बंद करणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो.

पलीकडचा
ताई, २०२० मध्ये एकदाही केला नाही. ट्राम सीमेआधी स्विस बाजूलाच वळायची.

ऱ्हाइनकाठची
हो, मान्य. पण पगारासाठी येणारे तेव्हाही येतच होते. परवाना दाखवून, पायी सीमा ओलांडून, पुढे अलीकडची ट्राम पकडून. इस्पितळं त्यांच्याशिवाय चाललीच नसती.

तिरकस_पेठकर
म्हणजे नर्सला सीमा उघडी आणि पिशवीला बंद. मग तर मी म्हटलं तेच झालं की!