शीतयुद्ध पेटलं कशावरून: विचारसरणी की जर्मनीची वसुली?

पडघम
शीतयुद्धाची सुरुवात आपल्याकडे ठरलेली असते: भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद, चर्चिलचं अमेरिकेत फुल्टनला झालेलं भाषण, त्यातला युरोप दुभंगणारा ‘पोलादी पडदा’, झालं. मला हे पटत नाही. विचारांचं वैर १९१७ पासून होतंच, १९१८ मध्ये तर अमेरिकी सैनिक रशियात आर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोकला उतरले होते. तरीही १९४१ ते ४५ अमेरिका आणि रशिया हेच दोघे एका बाजूने लढले. मग बिनसलं कुठे?

माझं उत्तर: जर्मनीकडून करायच्या युद्धभरपाईच्या वसुलीवर. याल्टाच्या मित्रराष्ट्रांच्या बैठकीत (फेब्रुवारी १९४५) एकूण २० अब्ज डॉलर भरपाई आणि त्यातली निम्मी रशियाला, हा आकडा चर्चेसाठी धरला गेला. त्यानंतरच्या पॉट्सडॅमच्या बैठकीत तो गायब. ज्याने त्याने जर्मनीतल्या आपापल्या ताब्यातल्या विभागातून वसूल करावं, वर रशियाला पश्चिमेकडून थोडीफार यंत्रसामग्री मिळेल, असं ठरलं. मे १९४६ मध्ये जर्मनीतले अमेरिकी लष्करी अधिकारी जनरल क्ले यांनी अमेरिकी विभागातून जाणारी भरपाईही थांबवली. ज्या देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, त्याला हे कसं दिसलं असेल? १९४७ च्या १ जानेवारीला ब्रिटिश आणि अमेरिकी विभाग एक झाले. २० जून १९४८ ला पश्चिम जर्मनीत नवं चलन आलं आणि चार दिवसांत रशियाकडून बर्लिनची नाकेबंदी. यात मार्क्स कुठे आहे?

खडूस वाचक
मार्क्स पोलंडमध्ये आहे, तुम्ही तिकडे वळलाच नाहीत. याल्टात तिथे मुक्त निवडणुकांचं वचन दिलं होतं. प्रत्यक्षात जानेवारी १९४७ ला जे झालं त्याला निवडणूक म्हणायचं तर मग बोलणंच खुंटलं. विरोधी नेता मिकोलायचिकच्या शेतकरी पक्षाचे कार्यकर्ते तुरुंगात आणि त्याच वर्षी तो स्वतः परागंदा. जर्मनीच्या कारखान्यांचा हिशोब चुकता झाला असता तर ही माणसं सुटली असती का? स्टालिनला सुरक्षितता हवी होती, मान्य. पण पक्षाच्या हातात नसलेलं सरकार त्याला सुरक्षित वाटतच नव्हतं, आणि ते विचारसरणीमुळेच.

पडघम
मग फिनलंडचं काय? तोच स्टालिन, तीच सरहद्द. फिनलंडने ३० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली, १९४८ मध्ये मैत्री करार केला आणि आपली संसद, आपले पक्ष शाबूत ठेवले. ग्रीसही घ्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोत चर्चिलने एका कागदावर टक्के लिहिले: रुमानिया ९० टक्के रशियाचा, ग्रीस ९० टक्के ब्रिटनचा. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली. डिसेंबरात ब्रिटिश सैन्य अथेन्समध्ये डाव्या गनिमांवर गोळ्या झाडत होतं तेव्हा मॉस्को गप्प. हा जगभर क्रांती करायला निघालेला माणूस की आपली वसुली सांभाळणारा सावकार?

खडूस वाचक
एका फिनलंडवर किती दिवस काढणार? चेकोस्लोव्हाकिया पाहा. तिथे १९४६ च्या खऱ्याखुऱ्या निवडणुकीत कम्युनिस्टांना सुमारे ३८ टक्के मतं, पंतप्रधान त्यांचाच गोटवाल्ड, मॉस्कोशी करारही झालेला. वसुलीचा प्रश्नच नव्हता. जुलै १९४७ मध्ये त्यांनी मार्शल योजनेच्या (युरोप उभा करायला अमेरिकेने देऊ केलेल्या मदतीच्या) परिषदेचं निमंत्रण स्वीकारलं, मॉस्कोने बोलावून घेतलं, आणि नकार कळवावा लागला. फेब्रुवारी १९४८ मध्ये सत्ता पुरती कम्युनिस्टांच्या ताब्यात. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मासारिक मंत्रालयाच्या खिडकीखाली मेलेले सापडले. इतक्या मित्रदेशाची भीती कशाची होती?

रात्रपाळी
दोघेही मॉस्कोतच अडकलात. जरा वॉशिंग्टनला या. फेब्रुवारी १९४७ मध्ये कंगाल झालेल्या ब्रिटनने कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनला ४० कोटी डॉलर हवे होते आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, होती विरोधकांच्या, म्हणजे रिपब्लिकनांच्या हातात. ग्रीसच्या तिजोरीसाठी कोण पैसे देणार? म्हणून १२ मार्चच्या भाषणात जगापुढे दोन जीवनपद्धती उभ्या केल्या. पैसे मंजूर झाले. सप्टेंबरात स्टालिनचा सहकारी झ्दानोवनेही जगाचे दोन गट जाहीर केले.

ही भाषा नुसती भाषा उरली नाही, तिची झळ आपल्यालाही लागली. त्याच वळणावर १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशींना हटवून आपल्या बी. टी. रणदिव्यांना सरचिटणीस केलं आणि ‘ये आझादी झूठी है’ सुरू झालं. रणदिव्यांना जर्मनीच्या यंत्रांशी काय देणंघेणं?

पडघम
रणदिवे १९४८ चे. मी विचारतोय सुरुवातीचं. २२ फेब्रुवारी १९४६ ला अमेरिकी मुत्सद्दी केननने मॉस्कोहून ती प्रसिद्ध लांबलचक तार पाठवली. त्यात तोच म्हणतो की क्रेमलिनच्या मुळाशी जुनी रशियन असुरक्षितता आहे, मार्क्सवाद म्हणजे अब्रू झाकायचं पान. बोला आता.

खडूस वाचक
तीच तार पुढे वाचा. अमेरिकेशी कायमचं जमवून घेताच येणार नाही अशी धर्मवेडी श्रद्धा असलेली शक्ती, असंही त्यातच लिहिलंय. वॉशिंग्टनने उचललं ते हे वाक्य, तुमचं पानाचं नव्हे.