गिरणी कामगारांच्या घरांना सोडत कशाला? वयाने रांग लावा

लालबागकर
बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांना आणि वारसांना सरकार सोडत काढून घरं देतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. घरांसाठी अर्ज दीड लाखाहून जास्त. सोडतीला घरं किती? २०१२ ला ६,९२५, २०२० ला ३,८९४. या वेगाने म्हाताऱ्यांनी नशिबाची वाट बघत बसायचं? हयात कामगार आधी, त्यातही वयाने मोठा तो आधी. मग विधवा, मग बाकी वारस. साधं आहे.

मालवणी_गडी
साधं कसलं? माझे वडील बदली कामगार (कायम नाही, कोणी खाडा केला तर काम), संपानंतर पाचेक वर्षांत गेले. आई गावी भातशेती करत राहिली. लवकर मेला म्हणून घर मागे, असा न्याय लावताय तुम्ही. तिचं वय काय थांबलंय?

लालबागकर
विधवेला कामगाराच्याच रांगेत धरा, एकदम मान्य. पण नोकरीत स्थिरावलेला नातू आणि ऐंशीचा साचेवाला कामगार एकाच सोडतीत, हे पटत नाही.

तिसरी_पाळी
वय ठरवणार कशावरून? गिरणीत भरती होताना अंदाजाने टाकलेली तारीख एक, शाळेच्या दाखल्यावर हमखास १ जून, आधारवर तिसरीच. गिरणीचा लाल पास, कामगाराचा तिकीट नंबर, पीएफची पावती यांवरून गिरणीत होता एवढं कळतं, जन्म कधीचा ते नाही. एकदा क्रमवार यादी लागली की 'नंबर वर घेऊन देतो' म्हणणारे दारात उभे. सोडतीत निदान तो धंदा चालत नाही.

लालबागकर
मग नेमकी तारीख नको, गट करा. ८० च्या वरचे, ७५ च्या वरचे, असे. गटाच्या आत खुशाल सोडत काढा. दोन-चार वर्षांची गफलत बहुतेकांना नडणार नाही.

तिसरी_पाळी
७९ वाला नडेलच. तरी हे यादीपेक्षा बरं.

कर्जत_लोकल
रांगेवर भांडताय, पण रांग कुठल्या घराची? सरकार मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरचं शेलू-वांगणी दाखवतंय. जुलै २०२५ मध्ये लोक आझाद मैदानात बसले ते मुंबईतच घर हवं म्हणून. पहिला नंबर लागलेल्या ऐंशीच्या माणसाने परळच्या केईएम हॉस्पिटलला यायला कर्जत लोकलमध्ये लटकायचं का? (त्या गाडीत आम्हालाच पाय ठेवायला जागा मिळत नाही.)

मालवणी_गडी
माझ्या चुलत्याला शेलू चालेल, आईला नाही. ज्याने नको म्हटलं त्याचा मुंबईतल्या घरावरचा हक्क जाता कामा नये, हे आधी लेखी द्या. मग वयाचं बघू.