आठवा महिना, कूस बदलताना जीव जातोय. तुम्ही कसं निभावलंत?

निजेना_रात्र:
मला ३३वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. दिवस कसाबसा निघून जातो पण रात्र झाली की पोटात गोळाच येतो. कुशीवर झोपा म्हणतात म्हणून डाव्या कुशीवर झोपते, अर्ध्या तासात खालचा खुबा ठणकायला लागतो, मग कूस बदलायची म्हटलं की पुढे जांघेच्या बरोबर मधे जे हाड आहे ना तिथे अशी कळ मारते की श्वास अडकतो. कधी कधी कट्कन आवाज पण येतो तिथून. काल रात्री तर चादर मुठीत घट्ट धरून दहा मिनिटं तशीच अर्धवट वळलेली पडून होते, नवऱ्याला उठवू की नको हाच विचार करत, तो पण दिवसभर दमलेला असतो.

पँट घालताना एका पायावर उभं राहता येत नाही. जिना चढायचा तर त्या आधी मनाची तयारी करावी लागते. पहाटे पोटरीत गोळे येतात आणि सकाळी उजव्या हाताला एवढ्या मुंग्या असतात की मूठ वळत नाही.

चेकअपला सांगितलं तर "होतं असं शेवटी शेवटी, आता थोडेच दिवस". आई म्हणते आम्ही तर शेवटच्या दिवसापर्यंत सगळी कामं करत होतो. मान्य आहे, पण अजून सात आठवडे आहेत हो. खरंच काहीच करता येत नाही का? घरात कंबरेला लावायचं एक दुखण्याचं मलम पडलंय, ते लावू का?

दोन_लेकरांची_आई:
अगं आधी ते मलम लावायचं थांब आणि ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलं काही असेल तर नको. मलम असलं तरी ते त्वचेतून अंगात जातंच. ह्या जातीच्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळायला सांगतात कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायला हवी, ती आधीच आकसू शकते. दुखणं फारच असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते, किती आणि किती दिवस ते पण त्यांनाच विचार.

आता कूस बदलायचं. मला दुसऱ्या वेळी अगदी हेच होतं, त्याच हाडात. आपण काय करतो की आधी वरचा पाय पलीकडे टाकतो आणि मग अंग वळवतो, तिथेच कळ येते. दोन्ही गुडघे वाकव, एकमेकांना चिकटव, हवं तर मधे छोटी उशी दाबून धर, आणि मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदमच वळव, ओंडका लोटल्यासारखं. वळताना श्वास सोडत राहा. उठताना पण सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर, दोन्ही पाय एकत्र खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं. पँट बसूनच घाल, दुखऱ्या बाजूचा पाय आधी. जिन्यावर एकेक पायरी, दोन्ही पाय त्याच पायरीवर आले की मग पुढची. पावलं छोटी टाक.

पूर्ण थांबलं नाही माझं, खोटं कशाला सांगू. पण रात्री रडायची ते थांबलं.

फिजिओ_मैत्रीण:
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि "होतं असं" म्हणून परत पाठवलेल्या बायका माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा कळकळीने लिहितेय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे ओटीपोटाच्या सांध्यांचं दुखणं वाटतंय, पेल्विक गर्डल पेन म्हणतात त्याला. पुढे दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा एरवी फारसा हलत नाही. गरोदरपणात रिलॅक्सिन वगैरे हार्मोन्समुळे अस्थिबंध, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडतात, त्यात पोटाचं वजन पुढे आलेलं, त्यामुळे दोन्ही बाजूंवर भार सारखा पडत नाही आणि पाय फाकवले किंवा एका पायावर उभं राहिलं की तिथे ताण येतो. बाळाला ह्याने इजा होत नाही. पण बाळंत होईपर्यंत सोसायचंच असंही नाही. पुढच्या चेकअपला नुसतं "अंग दुखतं" म्हणू नका, बोट ठेवून दाखवा, कूस बदलता येत नाही, एका पायावर उभं राहता येत नाही असं स्पष्ट सांगा आणि फिजिओथेरपीला पाठवा म्हणून मागा. कंबरेखाली बांधायचा आधाराचा पट्टा पण मिळतो पण तो कसा नि कुठे बांधायचा हे कोणाकडून तरी दाखवून घ्या, पोटावर आवळून बांधायचा नसतो.

हाताच्या मुंग्या म्हणजे बहुतेक मनगटातली नस दाबली जातेय, अंगात पाणी साठतं ना त्यामुळे. झोपेत मनगट दुमडलं जातं म्हणून सकाळी जास्त. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट घाला. पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ करून पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, बोटं पुढे ताणायची नाहीत, त्याने गोळा अजून घट्ट होतो. मात्र एकाच पोटरीला सूज, लाली, ती गरम लागतेय आणि दुखणं जातच नाहीये असं असेल तर तो गोळा नव्हे, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवायचं, आणि चोळायचं अजिबात नाही.

शांत_समई:
मी दुखण्याबद्दल नाही, खाजेबद्दल सांगते कारण ती पण अशीच "होतं असं" मधे ढकलली जाते. मला ३५व्या आठवड्यात तळहात आणि तळपाय खाजायला लागले, अंगावर पुरळ काही नाही, रात्री जास्त. सगळे म्हणाले कातडी ताणतेय. तळपायाला? तिथे काय ताणणार? तेव्हा ते डोक्यात आलं नाही, चार रात्री गार पाण्यात पाय बुडवून बसले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पित्ताम्लं वाढलेली निघाली, यकृताचा त्रास होता आणि तो बाळाला धोक्याचा असू शकतो. ३७व्या आठवड्यात डिलिव्हरी केली, मुलगी छान आहे. पण ते चार दिवस अजून आठवतात.

तसंच डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढे ठिपके किंवा अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, असलं काही झालं तर लगेच बीपी बघायचं, १४०/९० किंवा वर असेल तर थांबायचंच नाही, आणि बीपी ठीक निघालं तरी डॉक्टरांना कळवायचंच. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं ह्यात तर सकाळ होऊ दे असं म्हणूच नका.

बाबा_होणारा_होतो:
ताई, नवऱ्याला उठवा. माझी बायको अशीच न उठवता पडून राहायची, मला तीन आठवड्यांनी कळलं आणि फार वाईट वाटलं. मग आम्ही उश्या लावायला शिकलो. एक गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांच्या मधे, नुसती गुडघ्यात ठेवली की खालचा पाय लोंबतो. एक पातळशी पोटाखाली, एक पाठीमागे. कूस डावीच हवी असं नाही, उजवी पण चालते असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं, २८ आठवड्यांनंतर झोपताना पाठीवर नको एवढंच. मधेच जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरायचं नाही, परत कुशीवर व्हायचं.

निजेना_रात्र:
सगळ्यांचे खूप आभार, वाचता वाचता रडूच आलं. मलमात डायक्लोफेनॅकच निघालं, बाजूला ठेवलं. काल गुडघे चिकटवून तीन वेळा वळले, दोनदा जमलं, एकदा झोपेत विसरले. नवऱ्याला उठवलं, तो म्हणाला आधी का नाही सांगितलंस.

अजून एक विचारायचंय. दोन दिवस संध्याकाळी कंबर थांबून थांबून दुखते आणि पोट दगडासारखं होतं, आडवं पडलं की जातं. ह्या खोट्या कळाच ना?

दोन_लेकरांची_आई:
असतीलही, आडवं पडल्यावर जातायत म्हणजे बहुतेक त्याच. पण थांबून थांबून येणारी कंबरदुखी ३७ आठवड्यांच्या आधी असेल तर इथे विचारायची गोष्ट नाही गं. आत्ता फोन कर.

निजेना_रात्र:
केला. येऊन जा म्हणाले, निघतोय.

निजेना_रात्र:
घरी आलो आत्ताच. तपासलं, पट्टा लावून बाळाचे ठोके बघितले, सगळं ठीक आहे, खऱ्या कळा नाहीत. परत तशा आल्या, वाढल्या तर रात्री कितीही वाजता या म्हणाले. तिथेच त्या हाडावर बोट ठेवून दाखवलं, फिजिओची चिठ्ठी मिळाली, मंगळवारी जायचंय. नवरा उश्या लावतोय.