राद्जाबोव्ह आणि २०२० ची कँडिडेट्स: माघार घेतली की जागा काढून घेतली?

तिरका_उंट:
अझरबैजानचा बुद्धिबळपटू राद्जाबोव्हनं २०१९ चा विश्वचषक जिंकून कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा मिळवली, पण रशियात एकातेरिनबर्गला तो खेळलाच नाही. कुणी म्हणतं घाबरून माघार घेतली, कुणी म्हणतं फिडेनं (जागतिक बुद्धिबळ महासंघानं) अन्याय केला. नियमानं नेमकं काय झालं? आणि दहा दिवसांत स्पर्धाच थांबली, तर त्याला परत का नाही घेतलं?

दुहेरी_शह:
त्यानं आधी मागितलं होतं ते स्पर्धा पुढे ढकलणं. कारण कोरोना. फिडेनं नकार दिल्यावर त्यानं नाव काढून घेतलं. म्हणजे कागदावर माघारच. ६ मार्चला त्याच्या जागी फ्रान्सचा वाशिए-लाग्राव्ह आला. तो विश्वचषकात तिसरा, ग्रां प्री या पात्रता मालिकेत तिसरा आणि सरासरी रेटिंगमध्ये, रेटिंगवरून जागा मिळालेल्या गिरीच्या किंचित मागे. राखीव जागेवर पहिला हक्क त्याचाच होता, त्यामुळे निवडीवरून वाद नाही.

१७ मार्चला पहिली फेरी झाली. रशिया आंतरराष्ट्रीय विमानं बंद करणार असं कळल्यावर २६ मार्चला सात फेऱ्यांनंतर स्पर्धा थांबली. राद्जाबोव्ह ज्या भीतीनं थांबा म्हणत होता, तेच झालं. पण त्याचं म्हणणं खरं ठरलं म्हणून त्याची जागा आपोआप परत येत नाही. विनंती फेटाळली गेल्यावर नियमाला दोनच गोष्टी कळतात, खेळाडू येतोय किंवा येत नाहीये.

अडीच_घर:
परत घ्यायचं म्हणजे कसं, ते जरा मांडून बघा. आठ जण, दुहेरी साखळी (प्रत्येकाशी दोनदा), १४ फेऱ्या. सात झाल्या होत्या आणि रशियाचा नेपोम्नियाची (नेपो) नि वाशिए-लाग्राव्ह साडेचार गुणांवर बरोबरीत आघाडीवर. त्यातही सातव्या फेरीत वाशिए-लाग्राव्हनं नेपोला हरवलेलं. अशा माणसाला उठवून तिथं दुसऱ्याला बसवणार? नववा खेळाडू घ्यायचा तर दर फेरीत एकाला सुट्टी आणि झालेल्या सात फेऱ्या रद्द. साखळी स्पर्धेचा नेहमीचा नियमही बघा: निम्म्याहून कमी डाव खेळून कुणी बाहेर पडला तर त्याचे निकाल गुणतक्त्यात धरत नाहीत, निम्मे झाले असतील तर धरतात. इथं बरोबर निम्मे झाले होते, म्हणजे वाशिए-लाग्राव्हचे निकाल धरावेच लागले असते.

एप्रिल २०२१ मध्ये आठव्या फेरीपासूनच पुढे सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कारुआनानं वाशिए-लाग्राव्हला नायडॉर्फ या प्रकारच्या डावात १८ व्या चालीत उंट सी४ वर फेकून हादरवलं. शेवटी नेपो साडेआठ, वाशिए-लाग्राव्ह आठ.

तिरका_उंट:
मग भरपाई म्हणून २०२२ ची थेट जागा दिली, ते योग्य झालं?

दुहेरी_शह:
माझ्या मते हो, पण ती फुकट नव्हती. २०२२ च्या आठ जागा अशा: गेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला पराभूत १, विश्वचषक २, ग्रँड स्विस ही पात्रता स्पर्धा २, ग्रां प्री २ आणि राद्जाबोव्ह. रेटिंगवाल्याला दारच उरलं नाही. चीनचा डिंग लिरेन रेटिंगवर आत आला तो विश्वचषकातून जागा मिळवलेल्या कार्याकिनवर सहा महिन्यांची बंदी आली म्हणून, तेही किमान ३० डावांची अट पुरी करायला चीनमध्ये घाईघाईनं स्पर्धा भरवून.

अडीच_घर:
आणि माद्रिदला झालेल्या या २०२२ च्या कँडिडेट्सचा निकाल बघा. नेपो साडेनऊ, डिंग आठ, राद्जाबोव्ह साडेसात. तेव्हाचा जगज्जेता कार्लसननं विजेतेपद राखायला नकार दिल्यामुळे दुसरा आलेला थेट जगज्जेतेपदाच्या लढतीत गेला. अर्ध्या गुणानं हुकलं राद्जाबोव्हचं! तिथून डिंग २०२३ मध्ये जगज्जेता झाला आणि २०२४ मध्ये गुकेशनं हरवलं तेही त्यालाच. त्यामुळे राद्जाबोव्हला संधीच दिली नाही, हे म्हणणं मला पटत नाही. दोन वर्षं उशिरा दिली, ही तक्रार मात्र रास्त आहे.

दुहेरी_शह:
मान्य. फिडेचं चुकलं ते ६ मार्चच्या आधी. जागतिक साथीत स्पर्धा कोणत्या टप्प्यावर थांबवायची, हे खेळाडूंना विमानात बसण्याआधी लिहून द्यायला हवं होतं. डिंग तर मॉस्कोजवळ १४ दिवस विलगीकरणात काढून पटावर बसला होता, आणि पहिले दोन्ही डाव हरला.