उसवलेल्या लोकरीवरून निघालेली गोष्ट

मी: आत्या, जुना स्वेटर उसवून त्याची लोकर पुन्हा वापरण्याविषयी तू सकाळी लिहिलेस, तेव्हा मेजर अलेक्सिस कॅस्डाग्ली यांची आठवण झाली. हे ब्रिटिश अधिकारी दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ग्रीसच्या क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती सापडले. सोबतच्या कैद्याने दिलेल्या कॅनव्हासच्या तुकड्यावर, एका वयस्कर क्रीटन सेनानीच्या विरत चाललेल्या स्वेटरचे धागे काढून, त्यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक कशिदा पुरा केला. त्याच्या कडेने ठिपक्या-रेघांची चौकट आहे. ती नुसती नक्षी समजून जर्मनांनी तो कशिदा चार छावण्यांत कौतुकाने मांडला. प्रत्यक्षात ती मोर्स लिपी, म्हणजे ठिपक्या-रेघांनी अक्षरे लिहिण्याची तारायंत्राची लिपी होती आणि तिच्यात राजासाठी प्रार्थना होती, तशीच हिटलरला सणसणीत शिवीही होती.

आत्या: शिवीपेक्षा मला त्या धाग्याचे नवल वाटते. उसवलेली लोकर सरळ कधीच नसते. प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्यात बसलेला असतो, म्हणून तिची लड करून, धुऊन, खाली वजन टांगून ती वाळवावी लागते. त्यातही कोपराजवळची लोकर इतकी झिजलेली असते की जरा ओढ बसली की तुटते. असल्या धाग्याने ठिपका कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसेल इतके नेमके टाके घालायचे, म्हणजे हाताशी भरपूर वेळ हवा.

काका: तो वेळ अधिकाऱ्यांना होता, हे विसरू नये. युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार अधिकाऱ्यांना सक्तीने कामाला लावता येत नसे, साध्या शिपायांना मात्र लावता येई. कैद्यांना कपडे व पादत्राणे देणे, ती वेळोवेळी बदलणे आणि दुरुस्त करवून घेणे ही पकडणाऱ्या देशाची जबाबदारी, असेही त्या करारात स्पष्ट लिहिले होते. परंतु जपानने त्यावर सही करूनही त्याला मान्यता दिली नव्हती, आणि सोव्हिएत संघ तर त्यात सामीलच नव्हता. जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम (आजचे थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेच्या ४१५ किलोमीटर मार्गावर राबणाऱ्या कैद्यांचे गणवेश पावसाने आणि घामाने कुजून गेले, तेव्हा कित्येकांच्या अंगावर केवळ लंगोटी उरली. बूट फाटल्यावर अनवाणी पायांना बांबूचे ओरखडे पडत आणि त्यांचीच पुढे चिघळणारी व्रणे होत. कशिद्याच्या गोष्टी मलाही आवडतात, पण फक्त त्याच सांगितल्या तर बंदिवास म्हणजे छंदवर्ग वाटू लागतो.

वहिनी: काका, तुमचे म्हणणे पटते, तरी साऱ्या शिवणकामाला छंद म्हणता येणार नाही. जर्मनांच्या सागान येथील युद्धकैदी छावणीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री भुयारातून ७६ वैमानिक बाहेर पडले, त्यामागे शिंप्यांची एक पूर्ण तुकडी होती. टॉमी गेस्ट आणि त्यांचे सहकारी हवाई दलाचे गणवेश व घोंगड्या कापून त्यांचे साधे नागरी कोट शिवत, आणि रंगासाठी बुटाचे पॉलिशसुद्धा वापरत. मला त्याहून त्या पिशव्या भारी वाटतात. खणलेली पिवळी वाळू वरच्या करड्या मातीत लगेच उठून दिसे, म्हणून विजारीच्या आत दोन लांब पिशव्या सोडत, तळाशी पिन आणि खिशातून तिला दोरी. चालता चालता दोरी ओढली की वाळू पायांशी सांडे आणि मागून येणारा ती पायाने मिसळून टाकी. बाहेर पडलेल्यांपैकी तिघेच सुखरूप पोहोचले आणि पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या, हे मात्र कोट कितीही बेमालूम असला तरी टळले नाही.

मी: काकांना हवे तसे अगदी रोजचे उदाहरण देतो. आर. ए. रॅडफर्ड हे अर्थशास्त्रज्ञ स्वतः युद्धकैदी होते आणि छावणीतल्या बाजारावर त्यांनी १९४५ मध्ये लेख लिहिला. तिथे चलन सिगारेटचे होते. एक कपडा धुण्याचे दोन सिगारेट पडत. गणवेश घासून, धुऊन, इस्त्री करून मिळे बारा सिगारेटना, आणि त्या दरातच, गणवेश परत मिळेपर्यंत नेसायला एक विजार उसनी मिळे.

आत्या: ती उसनी विजार वाचून त्यांच्याजवळ दुसरा जोड नव्हता हे एकदम डोळ्यांसमोर आले.

वहिनी: आत्या, तुम्हाला चांगीच्या गोधड्या आवडतील. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात १९४२ मध्ये डांबलेल्या स्त्रिया सैनिक नव्हत्या, नागरिक होत्या. एथेल मुलव्हानी या कॅनेडियन बाईंच्या कल्पनेवरून त्यांनी प्रत्येकी ६६ चौकोनांच्या तीन गोधड्या केल्या, एक ब्रिटिश, एक ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी जखमींसाठी. जपान्यांसाठीही एक केल्यामुळे परवानगी मिळणे सोपे झाले असावे, असे मला वाटते. आपापल्या चौकोनावर बायकांनी नावे भरली होती, कारण कैदी सैनिकांच्या रुग्णालयात गोधडी पोहोचली की दुसरीकडे कैदेत असलेल्या नवऱ्यांना आपली बायको जिवंत असल्याचे कळणार होते.

आत्या: मग जपान्यांच्या गोधडीवरही नावे घातली असतील का? ती तर नवऱ्यांच्या नजरेस पडणार नव्हती.

मी: हो आत्या, तिच्यावरही नावे आहेत.