स्वारगेट–कात्रज मेट्रो: रविवारच्या मीटिंगआधी

अमोल (बी ७०४): रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मेट्रोचा विषय आहे, म्हणून ग्रुपवर आधीच टाकतो. स्वारगेट–कात्रज हा ५.४६ किमीचा सगळा भुयारी टप्पा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तेव्हा खर्च २,९५४.५३ कोटी आणि स्टेशनं तीनच होती. आता बिबवेवाडी आणि आपलं बालाजीनगर धरून पाच.

सुनंदा (ए २०१): ही दोन स्टेशनं वाढली हेच मोठं काम झालं. तीनमध्ये अंतर सरासरी १.८ किमी पडत होतं. स्टेशन गाठायलाच रिक्षा लागली तर माणूस सरळ दुचाकी काढतो. पाचमध्ये ते १.१ किमीवर येतं, म्हणजे चालत जाता येतं.

जोशीकाका (सी १०३): एवढ्या पैशात बस का घेत नाहीत? सातारा रोडला बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, २००६ पासून आहे.

अमोल (बी ७०४): काका, बस हव्यातच. पण तीन डब्यांच्या गाडीत नऊशेच्या वर माणसं मावतात, मोठ्या बसमध्ये दाटीवाटीने साठ-सत्तर. एका गाडीच्या बदल्यात तेरा-चौदा बस, आणि त्या सगळ्या स्वारगेटच्या सिग्नलला अडकणार. शिवाय कात्रजहून थेट पिंपरी, आणि जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलली की वनाज किंवा रामवाडी. बस लागतील त्या धनकवडी, आंबेगावच्या आतल्या रस्त्यांवरून स्टेशनपर्यंत आणायला. त्या नसल्या तर मेट्रो रिकामी धावेल.

जोशीकाका (सी १०३): आणि बिल्डिंगला तडे गेले तर?

मीना (बी ३०२): काका, काम सुरू व्हायच्या आधीची नोंद असेल तरच नंतर भांडता येतं. प्रत्येक भेगेचा फोटो काढायचा, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसकट. प्लास्टरची केसासारखी बारीक भेग आणि बीम-कॉलमवरची तिरकी भेग वेगळ्या लिहा. तिरकीवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भेग जराशी हलली तरी काच तडकते.

मीना (बी ३०२): रस्त्यावरचा त्रास बोगद्यापेक्षा स्टेशनचा जास्त. टीबीएम (बोगदा खणणारं मशीन) खालून निघून जातं, स्टेशनसाठी मात्र वरून खड्डा घेतात. त्याआधी पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल बाजूला घ्यायच्या. जुने नकाशे जमिनीखालच्या लाइनशी जुळत नाहीत आणि महिने तिथेच जातात.

मीना (बी ३०२): सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोअर. बोअरमधला लोखंडी पाइप, म्हणजे केसिंग, टीबीएमच्या वाटेत आलं तर कटर खराब होतात. बोअर उघडी राहिली तर टीबीएम खणताना वापरतं तो फेस आणि चिखल दाबाने त्या भोकातून वर येतो, थेट पार्किंगमध्ये. त्यामुळे बंद बोअरही कळवायची: जागा, खोली, केसिंग किती फूट, पंप आत अडकलाय का. माहिती दिली तर ती आधीच भरून बंद करता येते.

सुनंदा (ए २०१): मेट्रोला पत्र देऊ त्यात स्टेशनच्या जिन्यांचंही लिहा. सातारा रोडच्या दोन्ही बाजूंना जिना आणि लिफ्ट हवी. एकाच बाजूला दिली तर म्हाताऱ्या माणसांना सगळा रस्ता ओलांडावा लागेल.

अमोल (बी ७०४): लिहितो. चालू बोअरची माहिती माझ्याकडे आहे, जुनीची नाही.

जोशीकाका (सी १०३): जुनी सी विंगच्या मीटर रूमच्या भिंतीला लागून आहे, वर फरशी बसवलीय. खोली आणि केसिंग ड्रिलिंगच्या बिलावर असेल. फाइल माझ्या कपाटात आहे, उद्या सकाळी मीनाकडे देतो.